वितळलेली चार्जिंग पिन: चार फवारणी पंप आणि एका सोलर बॅटरीचं प्रकरण

निफाड तालुक्यातलं हे शेत टोमॅटोचं, शेजारी थोडी द्राक्षबाग. बागेला ट्रॅक्टरचा ब्लोअर आहे, पण टोमॅटोला आणि बांधाकडेच्या भाजीपाल्याला पाठीवरचे बॅटरी पंपच लागतात. असे चार पंप, सोळा लिटरचे, डबल मोटरचे. त्यांच्या मूळच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या बसल्यावर मालकांनी लिथियम आयर्न फॉस्फेटचे पॅक बांधून घेतले. मालकांना गावात सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. प्रत्येक पॅकमध्ये ३२७०० मापाचे ६ अँपिअर-अवरचे आठ सेल आहेत. दोन-दोन समांतर आणि अशा चार जोड्या सिरीजमध्ये, म्हणजे १२.८ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर. थ्री फेजची पाळी कधी दिवसा, कधी रात्री. सिंगल फेजचा भरवसा नाही. म्हणून शेडवर सोलरच्या दोन प्लेटा, एमपीपीटी कंट्रोलर (प्लेटांतून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा) आणि १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची मोठी बॅटरी बसवलेली. तिच्यावरच शेडचे दिवे चालतात आणि पंप चार्ज होतात.

बॅटरीवरून बॅटरी भरायची तर व्होल्टेज वर उचलावं लागतं. पॅक पूर्ण भरायला १४.४ ते १४.६ व्होल्ट लागतात आणि मोठी बॅटरी स्वतःच तेराच्या आसपास असते. त्यासाठी प्लायच्या बोर्डवर चार बूस्ट मॉड्यूल लावली होती, प्रत्येक १४.४ व्होल्ट आणि ४ अँपिअरवर सेट केलेलं. इथपर्यंतचं काम चांगलं होतं. सेल खरे होते, बीएमएस, म्हणजे पॅकमधली सेलना जपणारी सर्किट, ठीक होती, बोर्डवरच्या वायरी ओळीत होत्या. घोटाळा होता तो शेवटच्या दोन इंचांत.

अण्णांची तक्रार अशी: पंप रात्रभर लावले तरी सकाळी एखादा अर्धाच भरलेला निघतो. पिना गरम होतात, दोन तर वितळल्या. आणि एक बूस्ट मॉड्यूल 'टप्प' करून गेलं. त्यांना हवी होती 'जरा भारीतली पिन'.

काय सापडलं

चार्जिंगला होता तो नेहमीचा गोल डीसी जॅक, राउटरला आणि सीसीटीव्हीला असतो तोच. बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर. आतल्या मधल्या पिनेची मापं मात्र दोन चालतात, २.१ आणि २.५. बाहेरून बघून फरक कळत नाही. २.१ चा प्लग २.५ च्या सॉकेटमध्ये शिरत नाही, म्हणून माणूस दुकानातून 'बसणारा' प्लग मागतो, आणि सगळीकडे बसतो तो २.५ चा. तो २.१ च्या पिनेवर जातो, अगदी सहज जातो, आणि आत सैल टेकून राहतो. अण्णांच्या चारपैकी दोन पंपांत २.१ चं सॉकेट होतं, दोनांत २.५ चं. चारही चार्जिंग वायरींना २.५ चे प्लग होते. वितळलेल्या दोन्ही पिना २.१ वाल्या पंपांच्या.

बिघाड मोजायला मीटर ओहमवर लावून उपयोग नसतो. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध पाव-अर्धा ओहम भरतो आणि आपण शोधत असतो ओहमचा हजारावा भाग. करायचं ते असं: चार्जिंग चालू ठेवायचं, करंट वाहू द्यायचा, मीटर मिलिव्होल्टवर घ्यायचा आणि एक प्रोब जोडाच्या अलीकडे, दुसरा पलीकडे, त्याच तारेवर टेकवायचा. जेवढं व्होल्टेज दिसेल तेवढं त्या जोडात वाया जातंय. भागिले करंट केलं की रोध मिळतो.

सैल पंपावर ४ अँपिअरला दोन्ही टोकांचे मिळून ०.३८ व्होल्ट पडत होते. म्हणजे ९५ मिलिओहम. उष्णतेचं गणित करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे दीड वॅट. दीड वॅट ऐकायला काहीच नाही, पण तो बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकमध्ये तासन् तास कोंडला जातो. प्लास्टिक मऊ पडतं, आतली स्प्रिंगची पट्टी ताण सोडते, संपर्क आणखी सैल होतो, रोध वाढतो, उष्णता वाढते. चक्र सुरू झालं की पिन वितळेपर्यंत थांबत नाही.

भरीला चार्जिंगची वायर १ चौरस मिलिमीटरची, दोन मीटर लांब. जाऊन-येऊन चार मीटर तांब्याचा रोध अठ्ठ्याहत्तर मिलिओहमच्या आसपास, म्हणजे आणखी ०.३ व्होल्ट. एकूण घट झाली ०.७. आता मॉड्यूलच्या बाजूने विचार करा. त्याच्या तोंडाशी १४.४ झाले की त्याला वाटतं पॅक भरत आला आणि ते करंट कमी करायला लागतं. प्रत्यक्षात पॅकला तेव्हा १३.७ च मिळत असतात. पॅक शेवटी भरतो, कारण करंट कमी होईल तशी घटही कमी होते. पण शेवटचा टप्पा फार लांबतो, आणि मधेच सैल पिन हलली तर तोही होत नाही. 'रात्रभर लावूनही अर्धा' याचा उलगडा एवढाच.

मॉड्यूल गेलं त्याचं कारण वेगळं. वितळलेल्या पिनेऐवजी कोणीतरी घाईत नवी पिन जोडली आणि प्लस-मायनस उलटे केले. गोल जॅकला बाहेरून प्लस-मायनस दिसत नाही, आतला मध्य बहुतेकदा प्लस असतो, पण 'बहुतेकदा' या शब्दावर बॅटरी जोडायची नसते. बूस्ट मॉड्यूलच्या आउटपुटला बॅटरी उलटी लागली की आतला डायोड आणि मॉस्फेट मिळून सरळ शॉर्टची वाट तयार होते. लिथियमचा पॅक त्या वाटेने मनसोक्त करंट देतो. टप्प.

निळं-हिरवं

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली आणि अण्णांनी ती तक्रारीत सांगितलीच नव्हती, कारण त्यांच्या मते पंप असाच दिसतो. चार्जिंगचं सॉकेट टाकीच्या बुडाशी, स्विच आणि रेग्युलेटरच्या शेजारी. टाकी भरताना झाकणावरून ओघळलेलं सगळं पाणी तिथेच येतं. आणि ते पाणी साधं नसतं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण, कॉपरची इतर बुरशीनाशकं, विद्राव्य खतं. मीठ विरघळलेलं पाणी वीज वाहून नेतं, आणि पॅक आत जोडलेला असल्यामुळे सॉकेटच्या दोन टोकांत बारा-तेरा व्होल्ट चोवीस तास असतात, चार्जर लावलेला असो वा नसो. ओलीचा पातळ थर बसला की विद्युत-अपघटन सुरू होतं आणि प्लसकडचा धातू विरघळत जातो. सॉकेट उघडलं तर मायनसची पट्टी बरीचशी शाबूत, प्लसची पिन कुरतडलेली आणि वर निळं-हिरवं पीठ. कानशीने घासून तात्पुरतं चालतं, पण मुलामा गेलेला असतो, आठवड्यात परत तेच.

म्हणजे 'भारीतली पिन' त्याच जागी बसवली असती तर ती भारीतली पिनही काही महिन्यांत हिरवी झाली असती. कनेक्टर निवडताना माणसं आधी त्यावर लिहिलेला अँपिअरचा आकडा बघतात. इथे करंट होता चार अँपिअर चार्जिंगला आणि मोटर पूर्ण वेगात असताना पाच-सहा. एवढा करंट कुठलाही बरा कनेक्टर पेलतो. खरे प्रश्न निराळे होते: तो कुठे बसणार, कोणाच्या हातात असणार, त्या हाताला काय लागलेलं असणार, आणि तुटला तर गावात कोण जोडणार.

त्यामुळे पहिला निर्णय कनेक्टरचा झालाच नाही, जागेचा झाला. पॅक पंपातून बाहेर काढायचा आणि शेडमध्ये नेऊन चार्ज करायचा. ओला पंप चार्जिंग बोर्डजवळ यायलाच नको. पंपाच्या बुडाचं जुनं सॉकेट पॅकपासून तोडून टाकलं आणि भोक सिलिकॉनने बंद केलं. आता प्रत्येक पॅकला एकच कनेक्टर, तोच पंपाला लागेल, तोच चार्जरला.

कोणता नको आणि का

अण्णांच्या मुलाने पहिला पर्याय सुचवला तो घरातल्या थ्री-पिन प्लगचा. 'कुठेही मिळतो भाऊ, उलटा बसत नाही, आणि पाच अँपिअरचा आहेच.' तिन्ही मुद्दे खरे आहेत, आणि म्हणूनच असे जुगाड खेडोपाडी दिसतात. यावर मी वाद घालत बसत नाही, सरळ नाही म्हणतो. २३० व्होल्टच्या भोकात बसणारा प्लग बॅटरीला लावला की एक ना एक दिवस कोणीतरी तो भिंतीवरच्या बोर्डात घालणार. शेतावर नवा माणूस रोज येतो, त्याला आपला नियम माहीत नसतो. शिवाय त्या प्लगच्या उघड्या पिना बॅटरीकडे असतील तर खिशातल्या किल्लीनेही शॉर्ट होईल.

दुसरा पर्याय गोल, आटे असलेला धातूचा एव्हिएशन प्लग. इलेक्ट्रिक सायकलींच्या चार्जरना असतो तो. खाचेमुळे उलटा बसत नाही, आट्यांमुळे निसटत नाही. हा मी बराच वेळ धरून ठेवला होता. पण आटे म्हणजे संयम. संध्याकाळी दमलेला माणूस प्लग आत ढकलतो, रिंग फिरवत नाही, आणि मग तो नुसता टेकलेला राहतो. धातूच्या आट्यांत खताची पूड बसली की पुढच्या वेळी पक्कड लागते. आतल्या पिना बारीक, सोल्डर करायला नाजूक. म्हणून तो बाद.

तिसरा अँडरसन कंपनीचा पॉवरपोल नावाचा कनेक्टर. याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. अमेरिकेतल्या हॅम, म्हणजे हौशी, रेडिओवाल्यांनी आपत्तीच्या कामासाठी १२ व्होल्टला हाच प्रमाण मानला, आणि कारण चांगलं होतं: यात नर-मादी नाही. कुठलंही टोक कुठल्याही टोकात बसतं, त्यामुळे वेगवेगळ्या गावांतून आलेल्या माणसांचं सामान एकमेकांना जोडता येतं. आत चपट्या पट्ट्या एकमेकींवर घासत बसतात आणि स्वतःच साफ होतात. एकाच घरात १५, ३० किंवा ४५ अँपिअरचा कॉन्टॅक्ट बसतो.

तरी इथे नको म्हटलं, आणि त्याची कारणं त्याच्या गुणांतूनच निघाली. नर-मादी नाही म्हणजे पॅकला पॅकही जोडता येतो. भरलेला पॅक आणि रिकामा पॅक एकमेकांना थेट लागले तर दोन-तीन व्होल्टचा फरक फक्त वायरीच्या रोधावर पडतो, आणि काही क्षण पन्नासएक अँपिअर वाहू शकतात. बीएमएस तोडेल अशी आशा करायची. दुसरं, त्याचं घर पॉलिकार्बोनेटचं. दिसायला दणकट, पण झायलीनसारख्या ॲरोमॅटिक द्रावकांशी त्याचं वाकडं आहे, आणि ईसी (पाण्यात दुधासारखी मिसळणारी) प्रकारातल्या बऱ्याच कीटकनाशकांत द्रावक म्हणून नेमकं तेच असतं. औषधाचे हात लागत राहिले की पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात, ताणाखाली असलेल्या कोपऱ्यात आधी. तिसरं, तो क्रिम्प करायला, म्हणजे तारेवर दाबून बसवायला, त्याचाच टूल लागतो. पकडीने दाबलेला पॉवरपोल हा पॉवरपोलच नव्हे. आणि अस्सल माल सहज मिळत नाही. नकली मालातली स्प्रिंग हाताला लागते तेव्हाच कळतं.

एक्सटी६०, त्याच्या दोषांसकट

शेवटी पॅकसाठी ठरला पिवळा एक्सटी६०. हा चीनमधल्या चांगचौच्या अमास कंपनीचा, मूळ ड्रोन आणि रेडिओ कंट्रोलच्या विमानांसाठी लोकप्रिय झालेला. नावातला ६० पाहून लोक सतत ६० अँपिअर घ्यायला जातात. कंपनीच्या माहितीपत्रकात सततचा करंट ३० अँपिअर आहे, ६० हा क्षणभराचा. आपल्याला सहाच हवे होते, म्हणजे पाचपट सवड. आत साडेतीन मिलिमीटरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या गोल पिना, घर नायलॉनचं. नायलॉन द्रावकांना बऱ्यापैकी दाद देत नाही, त्याचं वैर तीव्र आम्लांशी, आणि ती इथे नाहीत. एका बाजूचे कोपरे छाटलेले असल्यामुळे उलटा बसत नाही. जोर करणाऱ्याने तोही बसवून दाखवल्याच्या कथा आहेत, पण त्या बहुतेक नकली, मऊ प्लास्टिकच्या.

मादी बाजू पॅकला द्यायची, हे पक्कं. बॅटरीकडची टोकं नेहमी आत दडलेली हवीत. पंपाकडे आणि चार्जरकडे नर. आता चार्जर चालू असताना त्याच्या नर पिनांवरही १४.४ व्होल्ट असतात. त्या कवचाच्या आत बुडालेल्या असल्या तरी तार किंवा स्क्रू-ड्रायव्हर लागू शकतो. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: बूस्ट मॉड्यूलवर ४ अँपिअरची मर्यादा लावली म्हणून आउटपुट शॉर्ट झाल्यावर ती पाळली जाईलच असं नाही. बूस्टच्या रचनेत इनपुटपासून आउटपुटपर्यंत कॉइल आणि डायोडमधून सरळ वाट असते, ती बंद करायला मधे काही नसतं. शॉर्ट झालं की मोठी बॅटरी त्या वाटेने ओतू लागते. म्हणून प्रत्येक मॉड्यूलच्या इनपुटला ७.५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज, आणि प्रत्येक पॅकच्या आत प्लसला १५ अँपिअरचा.

एक्सटी६०चा पहिला दोष जोडणीचा. तो सोल्डर करावा लागतो आणि पिन तापली की नायलॉन मऊ होऊन पिन तिरकी होते. मग तो बसतो पण नीट टेकत नाही. उपाय सोपा आहे: सोल्डर करताना समोरचा जोडीदार आत बसवून ठेवायचा, तो पिना सरळ धरतो आणि थोडी उष्णताही ओढून घेतो. मोठ्या बिटचा, निदान साठ वॅटचा सोल्डरिंग आयर्न घ्यायचा आणि पटकन काम उरकायचं. पंचवीस वॅटचा घेऊन मिनिटभर तापवत बसलं तर कनेक्टर गेला. दुसरा दोष म्हणजे सोल्डरचं टिन तारेत वर चढतं आणि जिथे संपतं तिथे तार ताठ होऊन तुटते. पाठीवरच्या पंपाला हादरे असतातच. त्यामुळे वर स्लीव्ह घालून वायर पॅकच्या डब्यालाच टायने बांधली, ओढ सोल्डरवर यायला नको.

वायर २.५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, खऱ्या तांब्याची. 'खऱ्या' यासाठी की वर तांबं आणि आत ॲल्युमिनियम अशी वायर सर्रास विकली जाते. एक तार ब्लेडने खरवडली की कळतं, आत पांढरी निघाली तर परत करायची. त्या वायरीवर टिनही नीट धरत नाही.

बसवल्यावर चार अँपिअर वाहत असताना प्रत्येक जोड एकेका टोकाला मिलिव्होल्टमध्ये मोजला. बहुतेक ठिकाणी तीनच्या आसपास, म्हणजे एक मिलिओहमच्याही आत. एका पॅकला वीस मिलिव्होल्ट आले. बाहेरून सोल्डर चकचकीत होतं. स्लीव्ह कापून तार हलवली तर आतल्या आत फिरली: ड्राय सोल्डर. वीस मिलिव्होल्टने तेव्हा काही जळलं नसतं, पिनही गरम लागली नसती, पण हंगामाच्या मध्यावर हाच पॅक परत आला असता. पुन्हा केला, तीनवर आला. ही मोजणी पाच मिनिटांची आहे आणि कनेक्टर कुठल्या ब्रँडचा यापेक्षा जास्त सांगते.

जिथे कनेक्टर लावलाच नाही

मोठ्या बॅटरीपासून बोर्डपर्यंत चारही पॉइंट चालू असताना वीस अँपिअरच्या आसपास जातात. अण्णांना तिथे अँडरसनचा मोठा एसबी५० हवा होता, 'काढ-घाल करायला बरा.' राखाडी रंगाचा, कारण बाजारात तोच मिळतो.

एसबी मालिकेत रंग शोभेसाठी नाहीत. पिवळा १२ व्होल्टचा, लाल २४, राखाडी ३६, निळा ४८. आणि घराच्या आतल्या खाचा अशा की एका रंगाचा दुसऱ्या रंगात बसत नाही. कल्पना सुंदर आहे. आपल्याकडे मात्र ज्याला जो मिळतो तो लावतो. अण्णांच्याच वस्तीवर एकाची मालवाहू ई-रिक्षा आहे, तिचा चार्जर ४८ व्होल्टच्या बॅटरीचा, आणि त्याच्या टोकाला कनेक्टर राखाडी. म्हणजे शेडमधल्या १२ व्होल्टच्या बॅटरीला राखाडी एसबी५० लावला असता तर तो ४८चा चार्जर त्यात टकाटक बसला असता. बसतंय म्हणजे चालतंय असं समजणारी माणसं सगळीकडे असतात.

पिवळा मागवता आला असता. पण मी अण्णांना विचारलं, ही बॅटरी तुम्ही वर्षातून किती वेळा काढणार? काढणारच नव्हते. मग तिथे कनेक्टर हवा कशाला? वायरीच्या टोकाला हायड्रॉलिक क्रिम्पने दाबलेले, बोल्टचं भोक असलेले तांब्याचे लग, १० चौरस मिलिमीटरची वायर, स्प्रिंग वॉशर घालून आवळलेले बोल्ट, आणि प्लसच्या लगपासून वीतभर अंतरात बोल्टने बसणारा ४० अँपिअरचा फ्यूज. जिथे रोज हात लागणार नाही तिथे बोल्टसारखा जोड नाही. फ्यूज बॅटरीजवळच का, हेही समजावलं: तो वायरीसाठी असतो. दुसऱ्या टोकाला लावला तर मधली वायर कुठेही घासून शॉर्ट झाली तरी त्याला पत्ता लागत नाही.

अण्णांनी आधी तिथे घरचा एमसीबी लावला होता, तो काढला. एसीचा करंट ५० हर्ट्झला सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी आपोआप विझायची संधी मिळते. डीसीत शून्य येतच नाही. एसीच्या एमसीबीवर डीसीचा भरवसा टाकायचा नाही, डीसीसाठी म्हणून छापलेलाच घ्यायचा. प्लेटांकडचे एमसी४, म्हणजे सोलरचे नेहमीचे कनेक्टर, नीट होते, दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या. त्यांना हात लावला नाही. ऊन असताना आणि करंट वाहत असताना ते ओढू नका, एवढं मुलाला दोनदा सांगितलं. सिरीजमधल्या दोन प्लेटांचं व्होल्टेज चाळिसाच्या वर जातं आणि तिथली ठिणगी बारा व्होल्टसारखी लगेच विझत नाही.

हंगामानंतर

कामाला येणाऱ्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला: 'हे पिवळं निघत नाही.' बरोबर होतं. एक्सटी६० घट्ट बसतो, धरायला जागा कमी, आणि हातमोजे ओले असले की बोटं घसरतात. मग वायर धरून ओढलं जातं, आणि वायर धरून ओढणं हाच याचा मृत्यू. यावर उपाय अण्णांनी काढला. ठिबकच्या २० एमएम लॅटरलचे तुकडे कापले, एक बाजू उभी चिरली आणि कनेक्टरच्या मागच्या अर्ध्यावर चढवून टायने आवळले. पकडायला जाड गोल भाग मिळाला. तसाच एक तुकडा, टोक दुमडून बांधलेला, रिकाम्या मादीवर झाकण म्हणून. विकत आणलेली रबरी झाकणं महिन्यात हरवली होती, लॅटरलचे तुकडे हरवले तर शेतात पडलेलेच असतात.

दुसरा नियम पाळायला वेळ लागला: आधी पंपाचा स्विच बंद, मग पॅक काढायचा. चालू मोटरवर ओढलं की पिनेच्या टोकाशी ठिणगी पडते आणि मुलामा जळतो. बारा व्होल्टच्या एवढ्या ठिणगीने सहसा आग नाही लागत, पण टोकाला काळे खड्डे दिसू लागतात. एका पंपाच्या नर पिनेवर ते दिसले, तो पंप कोण वापरतं हे सगळ्यांना माहीत होतं.

हंगाम संपल्यावर परत मिलिव्होल्ट मोजले. पॅक आणि चार्जरमधले जोड जवळजवळ जिथल्या तिथे, कारण ते कोरड्या शेडमध्येच असतात. पंपाकडचे थोडे वाढलेले. काळ्या खड्ड्यांचा पंप चार अँपिअरला अकरा मिलिव्होल्टवर गेला होता. त्याचा नर तोडून नवा लावला, जोडीतली पॅकची मादी तीच ठेवली कारण तिच्यात काही दिसलं नाही. एका पॅकची मादी कोणीतरी पंपाबरोबर पाण्याखाली धुतली होती, आत थोडं निळं आलं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ केली, वाळवली, मोजली, ठीक निघाली. पिना अजून पिवळ्याच आहेत, म्हणजे मुलामा शाबूत. पुढच्या हंगामात ती आधी बघायची, म्हणून त्या पॅकवर मार्करने खूण केली आहे.

आता मुलाला ट्रॅक्टरवरूनही एखादा पॅक चार्ज करायचा आहे, शेड लांब पडते त्या प्लॉटसाठी. त्याने ट्रॅक्टरच्या सिगरेट-लायटरच्या सॉकेटात घालायचा प्लग आणून ठेवलाय. तो मी ठेवून घेतला. स्प्रिंगवर टेकणारा तो प्लग ट्रॅक्टरच्या हादऱ्यांत चार अँपिअर तासभर टिकवणार नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या लगवरून १० अँपिअरचा फ्यूज घालून वायर ओढायची, सीटमागे डबीत पाचवं बूस्ट मॉड्यूल, आणि टोकाला तोच एक्सटी६०चा नर. इंजिन चालू असतानाच मॉड्यूलला वीज मिळेल असा रिले टाकायचा, नाहीतर पंप भरेल आणि सकाळी ट्रॅक्टर ढकलावा लागेल. रिले आणायचा आहे.